अंदाजे

पाटोद्याची पहिली एसटी आम्हाला फाट्यावर सोडून गेली
तेव्हा तरवडाची फुलं दवानं अजून जड होती.
इलाहीमामांनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली,
म्हणाले, "चला. तीन डोंगर, मग पाणी."

एकोणतीस वर्षं मोजणी खात्यात साखळी ओढली त्यांनी.
चालताना अजून ओठ हलतात.
लोकांना वाटतं, तस्बीह चाललीय;
ते पावलं मोजत असतात.

पहिल्या डोंगराला गावात बोडखी म्हणतात,
मामा म्हणतात सातशे बेचाळीस.
बालाघाटाचं हे असंच:
दम लागेपर्यंत चढायचं, आणि वर पोचलं
की डोंगरच निघून जातो कुठंतरी,
पायाखाली उरतं नुसतं माळरान,
विळ्यानं शेंडा कापून नेल्यासारखं.
कुसळं पायजम्यात शिरली, मोज्यांत शिरली.
शेरडांमागच्या पोरीनं विचारलं, "कुठं जायलाव?"
"धबधब्याला."
"मग गाडीनं जायचं की! तिकून डांबरी हाय."
मामांना उत्तर सुचलं नाही. मलाही.
तिनं दोन सीताफळं दिली, डोळे उघडलेली,
आणि आम्ही दिसेनासे होईस्तोवर बघत राहिली.

दुसरा, दाईचा माळ.
गवत दोन्ही हातांनी सारून मामांनी दगड शोधला,
वर कोरलेला बाण, निम्मा झिजलेला.
"पंच्याऐंशी साली चुना लावला होता ह्याला मी."
मग खिशातला रुमाल काढून
दगडाचं तोंड पुसलं त्यांनी. एवढंच.

तिसऱ्यावर दगड नव्हता. पवनचक्की होती,
पात्यांची सावली माळावरून सारखी फिरत होती
आणि दर खेपेला एक लावा दचकून उडत होता.
वॉचमननं वही पुढं केली. नाव. गाव. वेळ. कारण.
कारणाच्या रकान्यात मामांनी लिहिलं: मोजणी.
रिटायर होऊन अकरा वर्षं झाली होती.

त्यांच्या जागेवर आता मी आहे.
माझ्याकडं साखळी नाही, मशीन आहे,
आभाळाला विचारून आकडा सांगतं.
ते मी घरी ठेवून आलो होतो.
मामा म्हणाले होते, "आज रविवार. त्याला झोपू दे."

मग काही कळायच्या आत जमीन संपली.
ना आवाज, ना पाटी;
दोन म्हशी चरत होत्या, आणि तिसऱ्या म्हशीच्या पलीकडं
काहीच नव्हतं.
आश्विनातलं पाणी, बारीक.
काठावरून निघायचं, वाऱ्यात अर्धं विरायचं,
अर्धं परत वर येऊन आमच्या चष्म्यांवर बसायचं.

"नकाशात ह्याच्यापुढं काय लिहिलंय, माहितंय?
अंदाजे.
साहेबाला जेवायला उशीर होत होता."
पिशवीतून सुतळीचा गुंडा निघाला.
मीटर-मीटरला गाठ, रात्रभर सुनेला घेऊन बसून मारलेली,
टोकाला पितळेचं अर्ध्या किलोचं माप.
ते पोटावर आडवे झाले कड्याच्या टोकाशी,
मी त्यांचा पट्टा धरून मागं बसलो
आणि गाठी ऐकत राहिलो.
एकवीस. बावीस. एक पारवा खालून वर आला.
चाळीस. मामांचा आवाज बसला होता.
साठ.
साठच्या पुढं सुतळी नव्हती.
माप खाली तुषारांत हेलकावत होतं,
कशालाच टेकलेलं नव्हतं.

बराच वेळ त्यांनी ओढून घेतलं नाही.
मग म्हणाले, "साठच्या वर," आणि हसले,
आणि ओल्या सुतळीचं टोक डोळ्यांना लावलं.

भाकरी, जवसाची चटणी, पोरीची सीताफळं.
बिया कोण लांब थुंकतं ते बघितलं.
मी हरलो.

उतरलो डांबरीनंच.
बाहेर पडल्याची वेळ वहीत लिहायची राहिली;
त्या रजिस्टरात आम्ही अजून वरच आहोत.

एसटीत पिशवी त्यांच्या मांडीवर ठिबकत होती.
शेजारच्या बाईनं लुगडं आवरून विचारलं,
"काय हो, मासं घावलं का?"
मामा खिडकीबाहेर बघत होते.
"नाही बाई," म्हणाले, "थोडक्यात गेलं."